गाजर केकच्या बारसाठी क्रीम चीज: नागपुरात कोणतं घ्यावं, कसं पारखावं

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. गाजर केकच्या बारवर क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग लावायचं असेल, तर इतवारीत बेकरीवाल्यांसाठी येणारा एक किलोचा साधा क्रीम चीजचा पॅक घ्या आणि तो दोघीतिघींत वाटून घ्या. ब्रेडला लावायला म्हणून मिळणारा छोटा मऊ डबा या कामाचा नाही, मग तो कितीही छान दिसो. आणि बाहेरचं काहीच नको असेल तर ओळखीच्या डेअरीतला चक्का चालतो, नव्हे चांगलाच चालतो, फक्त त्याची तयारी आदल्या रात्री सुरू करावी लागते.

मी त्रिमूर्तीनगरला राहते. घरी ओटीजी आहे, केकची हौस जुनी आहे, आणि भिशीत माझी पाळी आली की खायला काय करायचं हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. हिवाळा आला की गाजर केकचे बार. बार म्हणजे एकाच थराचा, चौकोनी टिनमध्ये भाजलेला, दोन-अडीच बोटं उंचीचा केक. वर फ्रॉस्टिंगचा एक जाड थर द्यायचा आणि वड्या पाडायच्या. गोल केकसारखं थरावर थर रचणं नाही, कडा गुळगुळीत करणं नाही. पण म्हणूनच त्यात लपवायला जागाही नाही. केक ओलसर हवा, फ्रॉस्टिंग उभं राहायला हवं आणि वडी उचलली की हातात यायला हवी. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टी आपल्या हातात असतात. मधली बरीचशी तुम्ही कोणतं क्रीम चीज आणलं त्यावर ठरते.

परदेशी कृतींमध्ये ‘क्रीम चीज’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत क्रीम चीज म्हणून विकायला त्यात किमान 33 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी 55 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कृती लिहिणारीच्या डोळ्यांसमोर हा घट्ट, विटेसारखा ठोकळा असतो. आपल्याकडे मॉलच्या फ्रिजमध्ये दिसतात ते बहुतेक डबे चमच्याने काढून पसरवायचे. त्यातल्या काहींवर ‘स्प्रेड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींवर ते बारीक अक्षरात असतं. पसरायला सोपं जावं म्हणून त्यात पाणी जास्त ठेवलेलं असतं, कधी हवाही फेटलेली असते. ब्रेडवर ते सुरेखच लागतं. पण त्यात पिठीसाखर पडली की साखर पाणी ओढून घेते, ते पाणी मोकळं होतं आणि भांड्यात फ्रॉस्टिंगऐवजी पातळ रबडी तयार होते. मग माणूस आणखी साखर घालतो, ते आणखी सैल होतं. यावर उपाय नाही, पदार्थच तसा आहे.

म्हणून दुकानात उभं राहून डबा उलटा करायचा आणि मागचा तक्ता वाचायचा. 100 ग्रॅममागे फॅट 30 ग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर तो डबा टोपलीत. वीस-बावीस दिसलं तर परत जागेवर. घटकांची यादीही पाहा. दूध, साय, मीठ, विरजण आणि एखादा घट्टपणा देणारा डिंक एवढं असेल तर उत्तम. लसूण, मिरी किंवा हर्ब असलेला डबा गडबडीत उचलला जातो, कारण झाकणं सारखी दिसतात. अमूल, ब्रिटानिया, डीलेक्टा, सगळ्यांचं क्रीम चीज बाजारात आहे. मी त्यांना पहिला-दुसरा नंबर देणार नाही. एकाच कंपनीचे दोन पॅक वेगळ्या कामासाठी असतात, आणि घरच्या डब्यावरून बेकरीच्या पॅकची पारख होत नाही. नावापेक्षा मागचा तक्ता खरा.

आता किलोचा पॅक. इतवारीत बेकरीचं सामान ठोकात विकणारी दुकानं आहेत आणि त्यातली काही चिल्लरही देतात. मी ज्यांच्याकडून घेते त्यांचा माझ्यावर मोठा उपकार आहे. एकदा मी पैसे काढून काउंटरवर ठेवले होते, तेव्हा त्या भाऊंनी पॅक हातात घेऊन तारीख पाहिली आणि म्हणाले, “ताई, हा नका नेऊ. तारीख आहे बाकी, पण रात्री लाइट गेली होती लय वेळ. परवा नवी गाडी येते, तेव्हा या.” त्या वाक्यासाठी मी परतीचं तिकीट आनंदाने भरलं आणि परवा पुन्हा गेले. क्रीम चीजच्या बाबतीत दुकान म्हणजे त्याचा फ्रिज. माल कुठून आला यापेक्षा तो आल्यानंतर कसा ठेवला हे महत्त्वाचं.

याचा उलटा अनुभवही सांगायला हवा. शहरातल्या एका मोठ्या, झगमगीत दुकानात क्रीम चीज मटारच्या पाकिटांबरोबर डीप फ्रीजरमध्ये ठेवलेलं असतं. तिथून आणलेला डबा घरी उघडला तर वर पाण्याचा थर आणि खाली रवाळ, चुरा होणारा गोळा. क्रीम चीज गोठलं की त्यातल्या पाण्याचे खडे होतात, ते आतली घट्ट वीण मोडतात, आणि वितळल्यावर पाणी वेगळं आणि चीज वेगळं होतं. कितीही फेटलं तरी ते परत गुळगुळीत होत नाही. मी तक्रार केली तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, एक्सपायरी तो अभी बाकी है.” तारीख बाकी असणं आणि माल चांगला असणं या दोन गोष्टी आहेत, हे तिला कोणी शिकवलंच नसावं. असा डबा गळ्यात पडलाच तर टाकू नका. त्यात थोडी साखर आणि एक अंडं मिसळून केकच्या पिठावर चमच्याने सोडा आणि सुरीने नागमोडी रेघा ओढा. भाजल्यावर रवाळपणा कळत नाही. फ्रॉस्टिंगला मात्र तो नाही म्हणजे नाही.

चांगला पॅक कसा असतो? कापून सुरी आत घातली तर सुरीच्या पात्याला तो दाटपणे धरून राहतो. बोटाने दाबलं तर खूण तशीच राहते, भरून येत नाही. वर पाणी नसतं, फार तर एखादा थेंब. वास ताज्या सायीचा, मागे किंचित आंबट. चव आधी खारट, मग दुधाळ, आणि शेवटी आंबटाची एक बारीक रेघ. ही आंबट रेघच गाजर केकला पाहिजे असते. केक गोड आहे, दालचिनीने उबदार आहे, अक्रोडाने जड आहे. त्याच्यावर नुसतं बटर-साखरेचं आयसिंग घातलं तर दुसरी वडी कोणी घेत नाही. क्रीम चीजची असली तर घेतात.

किलोचा पॅक एकटीने घेऊ नये. 150 ग्रॅमचा एक वाटा केला तर एका टिनला पुरतो, म्हणजे किलोत सहा वाटे आणि वर 100 ग्रॅम. आम्ही भिशीतल्या तिघी मिळून घेतो, प्रत्येकीला दोन वाटे, आणि वरचे 100 ग्रॅम जी इतवारीला जाऊन आणते तिचे. हिशेब केला तर छोट्या डब्यांपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे वस्तू योग्य मिळते. पॅक उघडल्यावर किती दिवसांत संपवायचा ते त्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळायचं. आणण्याची माझी पद्धत अशी: सोबत जाड थर्मल पिशवी, त्यात बर्फाच्या दोन बाटल्या, आणि चितारओळी चौकातून मेट्रो. ही अॅक्वा लाइन थेट सुभाषनगरपर्यंत येते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही, डब्यात एसी असतो. स्कूटीच्या डिकीत, इंजिनच्या गरमीवर क्रीम चीज आणण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

फ्रॉस्टिंगची कृती छोटी आहे, पण क्रम पाळावा लागतो. आठ इंची चौकोनी टिनसाठी 50 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, 150 ग्रॅम क्रीम चीज. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं आणि क्रीम चीजमध्ये आधीच मीठ आहे, म्हणून बिनमिठाचंच हवं. बटर मऊ पाहिजे, वितळलेलं नको. बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये. आधी बटर आणि साखर एकत्र फेटायची, अगदी पांढरी, हलकी होईपर्यंत. यात वेळ घालवला तरी चालतो, कारण फेटण्याचं सगळं काम इथेच उरकायचं आहे. मग क्रीम चीज थेट फ्रिजमधून थंडगार काढायचं, चमच्याने जरा मोडायचं आणि त्यात घालून फक्त एकजीव होईपर्यंत फिरवायचं. बीटर असेल तर सगळ्यात कमी वेगावर. एकजीव झालं की लगेच थांबायचं. क्रीम चीज जास्त फेटलं की त्याची वीण तुटून पाणी सुटतं, आणि ते बघता बघता सैल होतं. बऱ्याच कृतींत क्रीम चीज बाहेर काढून मऊ करून घ्या असं लिहिलेलं असतं. ज्यांच्या घरात वर्षभर गारवा असतो त्यांनी तसं करावं. आपण नागपूरकरांनी थंडच घ्यावं.

पिठीसाखर विकतची घेतली तर तिच्यात सहसा थोडा स्टार्च असतो, तो पाणी धरून ठेवतो. घरी मिक्सरवर केली तर 100 ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर घालून बारीक चाळणीने दोनदा चाळा. घरचं लोणी वापरायचं असेल तर ते थंड पाण्यात धुवून धुवून ताक पूर्ण काढा आणि मग तळहाताने दाबून त्यातलं पाणीही काढा. विकतच्या बटरमध्ये 80 टक्के स्निग्धांश असतोच, घरच्या लोण्यात पाणी किती राहिलं ते आपल्या हातावर असतं. पण नीट धुतलेल्या लोण्याची चव विकतच्या बटरला नाही, हे मी ठामपणे सांगते.

आता चक्का. माझ्या सासूबाई क्रीम चीज खात नाहीत. पाकिटातलं, परक्या विरजणाचं काही त्यांना नको असतं, आणि त्यांच्या या आवडीनिवडीला घरात मान आहे. त्यांच्यासाठी म्हणून चक्क्याचं फ्रॉस्टिंग सुरू झालं आणि आता भिशीत अर्ध्या जणी तेच मागतात. आमच्या भागातल्या डेअरीवाल्यांकडे सकाळी चक्का मिळतो. पहिल्यांदा मागितला तेव्हा त्यांनी विचारलं, “वहिनी, श्रीखंडाले पाहिजे का?” केकवर लावायला म्हटल्यावर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मंग तुम्हाले पाणी नाही चालणार. मी आज रातच्याले बांधून ठेवतो, उद्या सकाळी घेऊन जा.” श्रीखंडाच्या चक्क्यात थोडं पाणी असलं तरी साखर घोटताना ते चालून जातं. केकवर नाही चालत, हे त्या माणसाला न सांगता कळलं. डेअरी निवडताना मी हेच बघते.

तरीही घरी आणून तो पुन्हा बांधावा. पातळ मलमलच्या फडक्यात, चाळणीवर, खाली पातेलं, वर वजन म्हणून वरवंटा, आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. बाहेर टांगून ठेवला तर तो आंबतो, आणि जास्त आंबट चक्का साखर वाढवून सुधारत नाही. सकाळी फडकं सोडलं की चक्का फडक्यापासून आपोआप सुटला पाहिजे आणि त्याच्यावर कापडाची वीण उमटलेली दिसली पाहिजे. 150 ग्रॅम असा चक्का चाळणीतून घासून घ्यायचा, पुरणयंत्र असेल तर त्यातून काढायचा. मग वरच्याच प्रमाणात बटर-साखर फेटून, त्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर, चिमूटभर मीठ, आणि शेवटी हलक्या हाताने चक्का. पावडर उरलेलं पाणी पिते आणि अंगाला थोडा दाटपणा देते. मीठ विसरू नये, क्रीम चीजची ती खारी चव त्याच्याशिवाय येत नाही.

चक्क्याचं फ्रॉस्टिंग क्रीम चीजइतकं टणक राहत नाही. चक्क्यात पाणी जास्त आणि स्निग्धांश बराच कमी असतो, हा फरक राहणारच. सुरीने कापल्यावर कड धारदार येत नाही, जरा गोलसर होते. दुसऱ्या दिवशी केकच्या वरच्या भागात थोडा ओलावा उतरतो. त्याच दिवशी खायचं असेल तर मात्र चवीला ते कुठेही कमी नाही, उलट जास्त ताजं लागतं. जायफळ किसून घातलं तर सासूबाईंच्या मते क्रीम चीजची गरजच नाही. या एका मुद्द्यावर माझं त्यांच्याशी एकमत नाही, पण त्यांची वडी मीही मागून खाते.

फ्रॉस्टिंगवर इतकं बोलले, तर केकही सांगायला हवा. 150 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 120 मिलि तेल, दोन अंडी, 200 ग्रॅम किसलेलं गाजर, एक लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, एक चमचा दालचिनी पूड, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ, मूठभर अक्रोड. अंडं नको असेल तर 120 ग्रॅम दही, सोडा अर्धा चमचा, आणि मैदा 20 ग्रॅम वाढवायचा. बटरऐवजी तेल घ्यायचं, कारण हा केक फ्रिजमध्ये राहणार आहे. बटर थंडीत गोठतं आणि केक कडक लागतो, तेल पातळच राहतं आणि केक मऊ राहतो. वासाचं तेल नको, सूर्यफुलाचं किंवा तत्सम साधं घ्या.

गाजर हिवाळ्यातलं लाल. वर्षभर मिळणारं केशरी गाजरही चालतं, ते कमी रसाचं असतं आणि केकचा रंग छान सोनेरी येतो. लाल गाजराला गोडवा जास्त, पण पाणीही जास्त. गोकुळपेठच्या बाजारात डिसेंबरात सडपातळ, शेंड्यापर्यंत एकसारखी लाल गाजरं येतात, ती निवडावी. जाड गाजराच्या मधला फिकट दांडा कडक असतो, तो काढून टाकावा. किसणीच्या बारीक बाजूने किसा. जाड किसाचे धागे भाजूनही शिजत नाहीत आणि दाताखाली येतात. किस मुठीत धरून एकदाच हलका दाबायचा, ठिबकतं तेवढं पाणी जाऊ द्यायचं. कोरडा पिळला तर केकचा ओलावाच गेला.

आणि संत्रं. हिवाळ्यात नागपुरात बसून गाजर केकमध्ये संत्र्याची साल न घालणं मला पटतच नाही. आपल्या संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या चवीसाठी आपण मिरवतो, पण सालीकडे कोणी बघत नाही. ही साल सैल आणि नाजूक असते. सोलून घेतली तर किसता येत नाही, म्हणून संत्रं अख्खं असतानाच किसायचं. लिंबासारखं जोर लावून घासलं तर साल आत दबते आणि पांढरा कडू भाग किसणीत येतो. संत्रं तळहातावर सैल धरायचं आणि किसणीच संत्र्यावरून अलगद फिरवायची, एका जागी एकदाच. पिवळा-केशरी चुरा निघाला की तो थेट केकच्या साखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखर ओलसर होते, तिचा रंग बदलतो आणि स्वयंपाकघरात शिरणारा प्रत्येक जण विचारतो की काय चाललंय. सालीतलं तेल साखरेच्या कणांनी फोडून काढलेलं असतं, म्हणून तो वास भाजल्यावरही टिकतो. नुसती पिठात मिसळली तर निम्माही येत नाही.

साखर-साल, तेल आणि अंडी फेटून घ्यायची, कोरडं सामान चाळून त्यात घडी घालत मिसळायचं, शेवटी गाजर आणि भाजलेले अक्रोड. ओटीजी 170 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून, दोन्ही रॉड चालू, मधल्या कप्प्यात अर्धा तास. पंचविसाव्या मिनिटाला सुरी घालून बघायला सुरुवात करा. ओटीजी कोणता, याने मला फारसा फरक जाणवलेला नाही.

टिनने मात्र फरक पडतो. इतवारीत भांड्यांच्या दुकानांत अॅल्युमिनियमचे चौकोनी टिन वजनावर मिळतात. हातात जड लागणारा घ्यावा, पातळ पत्र्यात कडा आधी करपतात. कोपरे सरळ, काटकोनी हवेत. गोल कोपऱ्याच्या टिनमधून चार वड्या वेड्यावाकड्या निघतात आणि नेमक्या पाहुण्यांच्या ताटलीत जातात. आत बटर पेपर घालताना दोन बाजूंनी तो बाहेर लोंबेल इतका मोठा कापा, म्हणजे केक सरळ उचलून बाहेर काढता येतो.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रॉस्टिंग लावायचं नाही. पूर्ण म्हणजे टिनच्या बुडाला हात लावला तर थंड लागला पाहिजे. संध्याकाळी भाजून झाकून ठेवणं आणि सकाळी लावणं सगळ्यात सोयीचं. लावल्यावर दोन तास फ्रिजमध्ये, मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या लांब सुरीने कापायचं, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसायची. सुरी खाली दाबायची आणि सरळ बाहेर ओढायची, मागे-पुढे करवतायची नाही. अशा सोळा वड्या निघतात.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळगुळाबरोबर हे बार ठेवले होते. शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, “केकमध्ये गाजर कशाला गं घालतात?” मग मी सांगितलं की युरोपात गाजराचा गोडवा जुन्या काळापासून गोड पदार्थांत वापरतात, आणि दुसऱ्या महायुद्धात 1940 पासून ब्रिटनमध्ये साखरेला रेशन लागलं तेव्हा घराघरांत गाजर घालून केक होऊ लागले. काकू म्हणाल्या, “म्हणजे आपला गाजराचा हलवाच की, फक्त आटवायचा कंटाळा केलेला.” त्यांनी दोन वड्या घेतल्या, एक क्रीम चीजची आणि एक चक्क्याची. घरी जाताना तिसरी नातवासाठी म्हणून मागितली. नातू पुण्याला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नागपूरच्या हवेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. बटर बत्तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं. डिसेंबर-जानेवारीत घरात फ्रॉस्टिंग लावलेले बार तास-दीड तास ताटलीत छान राहतात. फेब्रुवारी संपत आला की दुपारी ते शक्य नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा विचारच करू नका. प्रश्न दिसण्याचाच नाही. हे दुधाचं काम आहे. एरवी दोन तास आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त ते फ्रिजबाहेर ठेवू नये. लहान मुलं आणि वयस्कर माणसं खाणार असतील तर याबाबतीत अजिबात सूट देऊ नका. शाळेच्या डब्यात फ्रॉस्टिंग लावलेला बार मी थंडीतही देत नाही, साधा देते.

फ्रॉस्टिंगशिवायचे बार मात्र फ्रीजरमध्ये उत्तम टिकतात. जानेवारीअखेर लाल गाजर स्वस्त असतं तेव्हा मी दोन टिन जास्तीचे भाजते, वड्या पाडून, एकेक बटर पेपरमध्ये गुंडाळून, हवाबंद डब्यात ठेवते. एप्रिलमध्ये पाहुणे आले की वडी काढायची, अर्ध्या तासात ती मऊ होते, आणि सोबत वाटीत थंडगार चक्का, पिठीसाखर आणि संत्र्याची साल घोटून द्यायची. ज्याला हवं त्याने लावून घ्यावं. त्यासाठी सालही हिवाळ्यातच साखरेत चोळून काचेच्या बरणीत फ्रीजरमध्ये ठेवलेली असते.